फॉरमॅटचे पैसे देता, मग निदानाचे का नाही? लिनक्स मशीन हँग होण्यावर माझं मत



दुकानातला लिनक्सवरचा कॉम्प्युटर सारखा हँग होत असेल तर काय काय तपासायचं, ते या आठवड्याच्या व्हिडिओत दाखवलंय. कमांड तिथे स्क्रीनवर आहेत, व्हिडिओ थांबवून लिहून घ्या. इथे मला माझं मत मांडायचंय, कारण व्हिडिओत ते दोन मिनिटांत उरकावं लागलं.

मत असं आहे. आपण दुकानदार लोक फॉरमॅट मारायचे पैसे न कुरकुरता देतो. पण मशीन हँग का होतंय हे शोधायला कोणी तासभर बसला आणि शेवटी म्हणाला की फक्त एक केबल बदला, तर त्याला चहा पाजून पाठवतो. वर म्हणतो, "केलं काय याने?" मग कॉम्प्युटरवाल्याने तरी शोधायचं कशाला? तो येतो, फॉरमॅट मारतो, पैसे घेतो, जातो. दोन महिन्यांनी परत तेच. आणि शेवटी नाव खराब होतं लिनक्सचं.

हा विषय आत्ताच का?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. साध्या ग्राहकांना वर्षभराची वाढीव मुदत मिळते, पण तीही ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. विंडोज ११ टाकायचं तर मशीनमध्ये टीपीएम २.० लागतं, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. आता आपल्या कात्रज, धनकवडी, आंबेगाव पट्ट्यातल्या दुकानांत बघा. झेरॉक्सवाले, मेडिकल, हार्डवेअर, क्लासेस, सगळीकडे एकतर जुनी असेंबल केलेली मशीन आहेत, नाहीतर कंपन्यांमधून निघालेली रिफर्बिश्ड. चौथी पिढी, सहावी पिढी. बिल काढायला, फॉर्म भरायला, प्रिंट मारायला ती अजून छान चालतात. ती भंगारात टाकून नवीन घ्यायला पैसे आहेत कोणाकडे?

म्हणून बरेच जण लिनक्स मिंट किंवा उबुंटूवर आले. मी याच्या बाजूने आहे, आणि माझ्या क्लासमध्येही तेच सांगतो. पण झालं काय, की जुनं मशीन विंडोजवर हँग व्हायचं तेव्हा लोक म्हणायचे "मशीन जुनं झालंय". तेच मशीन लिनक्सवर हँग झालं की म्हणतात "फुकटातलं ते फुकटातलंच". मशीन तेच, धूळ तीच, डिस्क तीच. दोष द्यायला फक्त नवीन माणूस मिळाला.

लिनक्स मुळातच हँग होणारी गोष्ट असती, तर मुंबईत मुख्यालय असलेल्या एलआयसीने वीसेक वर्षांपूर्वी आपल्या शाखांसाठी रेड हॅट लिनक्स घेतलंच नसतं. रेड हॅटचं मोठं ऑफिस आपल्या पुण्यातच आहे, आणि लिनक्सवर मराठी अक्षरं नीट दिसावीत म्हणून जे लोहित फाँट वर्षानुवर्षं सांभाळले गेले, ते काम करणारी मंडळी तिथलीच. तेव्हा हे काही कुठलं तरी ऐकीव सॉफ्टवेअर नाही. फरक एवढाच की मोठ्या ऑफिसात मशीन अडलं की त्याची नोंद होते आणि कोणीतरी कारण शोधतो. आपल्याकडे पॉवरचं बटण दाबून धरतात.

"हँग झालं" म्हणजे नक्की काय झालं?

डॉक्टरकडे जाऊन नुसतं "बरं वाटत नाही" म्हटलं तर तो चार प्रश्न विचारणारच. ताप आहे का, पोट दुखतंय का, कधीपासून. हँगचंही तसंच. बाहेरून सगळे हँग सारखे दिसतात, पण आतून निदान चार प्रकारचे असतात. बटण दाबायच्या आधी अर्धा मिनिट थांबून एवढं बघा.

पहिलं, माउसचा बाण हलतोय आणि एकच खिडकी अडकलीय? मग ते त्या प्रोग्रामचं दुखणं आहे, मशीनचं नाही. तो प्रोग्राम बंद करा, काम पुढे चालू.

दुसरं, स्क्रीन गोठलीय पण गाणं चालू आहे, किंवा कॅप्स लॉक दाबल्यावर दिवा लागतोय-विझतोय? म्हणजे मशीन आतून जिवंत आहे, फक्त चित्र दाखवणारा भाग अडकलाय. मिंटच्या सिनॅमन डेस्कटॉपवर कंट्रोल, ऑल्ट आणि एस्केप एकत्र दाबलं की डेस्कटॉप नव्याने सुरू होतो, उघडी कामं बहुतेक वेळा शाबूत राहतात. त्याने नाही सुटलं तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबून काळ्या स्क्रीनवर लॉगिन करता येतं का बघा.

तिसरं, बाण हलतोय पण अडखळत, अर्ध्या अर्ध्या मिनिटाने, आणि डिस्कचा लाल दिवा एकसारखा पेटलेला? इथे संशय दोघांवरच घ्यायचा: रॅम कमी पडलीय, नाहीतर डिस्क मरायला टेकलीय.

चौथं, सगळंच ठप्प. दिवा बदलत नाही, गाणं एकाच अक्षरावर अडकून घरघरतंय. मग प्रश्न हार्डवेअरचा, पॉवरचा किंवा ड्रायव्हरचा असण्याची शक्यता जास्त.

चौथ्या प्रकारातही एकदम पॉवरचं बटण दाबू नका. आधी ऑल्ट आणि प्रिंटस्क्रीन दाबून धरा, आणि तसंच धरून एकेक सेकंदाच्या अंतराने एस, यू, बी दाबा. एस म्हणजे राहिलेलं डिस्कवर लिहून घे, यू म्हणजे डिस्क फक्त वाचण्यापुरती कर, बी म्हणजे रीस्टार्ट हो. उबुंटू आणि मिंटमध्ये हे तिन्ही आधीपासून चालू असतात. कर्नेल थोडा जरी जागा असेल तर फाइल खराब न होता मशीन उठतं. यालाही दाद दिली नाही, तरच बटण.

आता तुम्हीच सांगा, या चारही रोगांवर फॉरमॅट हेच एक औषध कसं असेल?

काउंटर, माळा आणि पोऱ्या

दुकानातल्या मशीनवर सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार तिसरा, त्यातही रॅमचा. तो दुकानाच्याच भाषेत सांगतो.

रॅम म्हणजे तुमचं काउंटर. डिस्क म्हणजे वरचा माळा. गिऱ्हाईक आलं की माल काउंटरवर काढायचा. काउंटर भरलं की काही माल पोऱ्या शिडीवरून माळ्यावर नेऊन ठेवतो, त्याला स्वॅप म्हणतात. एकदोनदा ठीक आहे. पण काउंटरवर जागाच नाही आणि गिऱ्हाईक थांबतच नाहीत, तर पोऱ्या दिवसभर शिडीवर चढउतारच करत राहील. एक डबा खाली आणायचा म्हणून दुसरा वर न्यायचा, लगेच तोच परत खाली. दुकान उघडं आहे, सगळे घामाघूम आहेत, पण माल कोणालाच मिळत नाही. तुमचं ४ जीबीचं मशीन हँग होतं तेव्हा आत हेच चाललेलं असतं. त्यात माळा म्हणजे जुनी फिरणारी हार्डडिस्क असेल तर शिडी चार मजल्यांची.

काउंटर भरतं कशाने? ब्राउजरने. एका टॅबमध्ये व्हॉट्सॲप वेब, एकात जीएसटी पोर्टल, एकात बँक, एकात मेल, एकात यूट्यूबवर गाणी, आणि मागे कालचे उघडे राहिलेले पंधरा टॅब. मग २० तारखेला संध्याकाळी जीएसटीआर-३बी भरताना मशीन बसतं. लेट फी रोजची ५० रुपये, निल रिटर्न असेल तर २०, आणि कर भरायचा राहिला तर वर १८ टक्के दराने व्याज. म्हणजे हँग हा नुसता डोक्याला ताप नाही, गल्ल्यातून पैसे जातात.

तपासणं सोपं आहे. मेमरी दाखवणारी 'फ्री' कमांड व्हिडिओत आहे. तिच्यात 'फ्री' नावाचाच एक रकाना असतो, तो बघून घाबरू नका. रिकामी रॅम लिनक्स वाया घालवत नाही, फाइल लवकर उघडाव्यात म्हणून वापरते. बघायचा रकाना 'अव्हेलेबल'. कामाच्या गर्दीच्या वेळी तो तळाला गेलेला असेल आणि स्वॅप भरत चाललेला असेल, तर निदान झालं. याला फॉरमॅट मारून काय होणार? काउंटर धुऊन पुसून परत तेवढंच राहणार.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो, कारण लिनक्सची बाजू घेतो म्हणून त्याचे दोष झाकणं मला पटत नाही. रॅम संपत आली की लिनक्स फार भिडस्तपणे वागतं. कोणाला तरी "आता बाहेर व्हा" म्हणायचं ते इतकं लांबवतं की सगळं दुकान ठप्प होतं. ही तक्रार जुनी आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये एका वापरकर्त्याने कर्नेल बनवणाऱ्यांसमोर ती सरळ मांडली: ४ जीबी रॅम, स्वॅप बंद, ब्राउजर उघडा, टॅब वाढवत जा, आणि बघा मशीन कसं गोठतं ते. त्यावर बरीच चर्चा झाली. एप्रिल २०२० मध्ये फेडोरा ३२ च्या डेस्कटॉपवर अर्लीऊम नावाचा पहारेकरी आधीपासूनच चालू मिळायला लागला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये फेडोरा ३३ ने झेडरॅम आणलं, आणि २०२१ मध्ये फेडोरा ३४ ने सिस्टमडी-ऊमडी. डिसेंबर २०२२ च्या ६.१ कर्नेलमध्ये काउंटरवरचा कुठला माल आधी हलवायचा हे ठरवायची नवी, जास्त हुशार पद्धत आली.

म्हणजे दोष खरा होता आणि त्यावर काम झालं. पण तुमच्या मशीनवर यातलं काय चालू आहे, हे कोणीतरी बघायला नको का? अर्लीऊम काय करतं? अव्हेलेबल रॅम आणि मोकळा स्वॅप दोन्ही १० टक्क्यांच्या खाली गेले की सगळ्यात जास्त जागा अडवणाऱ्या प्रोग्रामला बाहेर काढतं. बहुतेक वेळा तो ब्राउजरच असतो. तुमचा बिलिंगचा प्रोग्राम शक्यतो वाचवायचा हेही त्याला सांगून ठेवता येतं. झेडरॅम म्हणजे माल माळ्यावर न नेता गाठोडं दाबून बांधून काउंटरखालीच ठेवायचं. शिडी वाचते.

काहींना हे आवडत नाही. उबुंटू २२.०४ मध्ये असाच पहारेकरी चालू होऊन आला तेव्हा लोक चिडले होते, की आमचा ब्राउजर आपोआप बंद होतो म्हणून. मला विचाराल तर काउंटरवरच्या मशीनला हेच बरं. ब्राउजर बंद झाला तर परत उघडतो. अख्खं मशीन गोठलं तर बिल, रिटर्न, गिऱ्हाईक, सगळंच अडकतं.

हे करून भागलं नाही तर रॅम वाढवा. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव चढलेत, त्यामुळे आधी निदान, मग खरेदी. मशीनला डीडीआर३ लागते का डीडीआर४, एवढं बघून बुधवार पेठेत किंवा टिळक रोडला चार ठिकाणी विचारा. ८ जीबी झाली की दुकानाच्या कामाला बहुतेक वेळा पुरते.

मरणाऱ्या डिस्कवर फॉरमॅट

आता ज्या प्रकारामुळे हा लेख लिहायला बसलो, तो.

क्लासला येणाऱ्या एका भाऊंचं किराणा दुकान आहे. मशीन हँग व्हायचं म्हणून चार महिन्यांत तीन वेळा फॉरमॅट मारून घेतला. दर वेळी आठपंधरा दिवस बरं चालायचं. चौथ्या वेळी डिस्क उघडलीच नाही. उधारीचं खातं त्याच डिस्कवर होतं, दुसरीकडे कुठेच नव्हतं. ज्यांच्याकडे पैसे होते त्यांच्यातल्या काहींनी स्वतःहून सांगितलं, काहींना आठवलंच नाही. भाऊंचं तीन फॉरमॅटच्या खर्चापेक्षा कितीतरी जास्त नुकसान झालं, आणि ते भरून यायचं नाही.

पहिल्याच वेळी पाच मिनिटं दिली असती तर कळलं असतं. मिंट आणि उबुंटूमध्ये 'डिस्क्स' नावाचं ॲप असतं. त्यात डिस्क निवडून मेनूमधून 'स्मार्ट डेटा' उघडा. डिस्क आपली तब्येत स्वतःच लिहून ठेवते, तेच तिथे दिसतं. तीन ओळी बघा. पाचव्या क्रमांकाची 'रिअलोकेटेड', म्हणजे खराब झाल्यामुळे डिस्कने बदलून घेतलेल्या जागा. १९७ ची 'पेंडिंग', म्हणजे वाचताना अडखळणाऱ्या, अजून निकाल न लागलेल्या जागा. या दोन्हींचा आकडा शून्यावर असेल तर उत्तम. वाढत असेल तर डिस्क जाणार हे धरून चाला. तिसरी १९९ ची, 'सीआरसी एरर'. हा आकडा वाढत असेल तर बहुतेक वेळा डिस्क चांगली असते आणि तिची साटा केबल खराब असते. केबल किरकोळ किमतीची. अशा मशीनवर लोक फॉरमॅट मारतात, डिस्क बदलतात, शेवटी मशीनच विकून टाकतात.

एसएसडी आहे म्हणून निश्चिंत राहू नका. स्वस्तातली एसएसडी काठोकाठ भरली की रखडायला लागते. मिंटमध्ये टाइमशिफ्टच्या जुन्या प्रती साठून डिस्क भरल्याचं मी बऱ्याचदा पाहिलंय. पाचवा हिस्सा तरी जागा कायम मोकळी ठेवा.

आणि क्रम लक्षात ठेवा: आधी कॉपी, मग तपासणी, मग दुरुस्ती. डिस्कवर संशय आला की पहिलं काम म्हणजे उधारी, बिलं, स्टॉक, पेनड्राइव्हवर नाहीतर दुसऱ्या डिस्कवर घेणं. फॉरमॅट नेमका उलटा क्रम लावतो. आधी पुसतो, आणि नंतर विचारतो की काही हवं होतं का.

धूळ, ऊन आणि पॉवर

कात्रज-कोंढवा रोडला किंवा चौकाजवळ ज्यांचं दुकान आहे, त्यांना धुळीबद्दल मी काय सांगू? रस्त्याची कामं, ट्रकची वर्दळ, शटर दिवसभर उघडं. झेरॉक्सच्या दुकानात त्यात कागदाचा भुसा आणि टोनरची पूड. हे सगळं प्रोसेसरच्या फॅनवर जाऊन बसतं. एप्रिल-मे मध्ये दुपारी दोनला हँग होणारं आणि सकाळी दहाला नीट चालणारं मशीन बघितलं, की मी आधी कॅबिनेट उघडतो. 'सेन्सर्स' कमांड तापमान दाखवते. कामाच्या वेळी प्रोसेसर ९० अंशांच्या आसपास राहत असेल तर ब्लोअरने साफ करा, वाळलेली थर्मल पेस्ट बदला, मशीन भिंतीपासून वीतभर पुढे ओढा.

रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने हळूच पुसायचा आपला देशी उपाय खरंच चालतो, पण त्याने नाही भागलं तर मेमटेस्ट रात्रभर लावून जा. सकाळी एक जरी लाल ओळ दिसली तरी ती रॅम गेली समजा. एसएमपीएसची खात्री करायचा सोपा मार्ग म्हणजे चांगला चालणारा दुसरा दोन दिवस लावून बघणं.

खरंच लिनक्सचा दोष असतो तेव्हा

असतो, आणि तेव्हाही तो शोधूनच सापडतो. २०१४-१५ च्या सुमारास इंटेलच्या बे ट्रेल प्रकारातले सेलेरॉन प्रोसेसर असलेली स्वस्त मशीन भरपूर आली. त्यांच्यावर लिनक्स अधूनमधून पूर्ण गोठायचं, कारण प्रोसेसर झोपेत खोल गेला की नीट उठत नसे. बूटच्या ओळीत एक पर्याय लिहून त्याची झोप कमी करता येते. पहिल्या पिढीचे रायझन मशीनवर काम नसताना गोठायचे. बऱ्याच मदरबोर्डच्या बायोसमध्ये 'पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल' नावाचा पर्याय आहे, तो 'टिपिकल करंट आयडल'वर ठेवला की सुटायचं. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर मिंटचा ड्रायव्हर मॅनेजर उघडून सुचवलेला ड्रायव्हर टाकून बघा. आणि अपडेटनंतरच हँग सुरू झाला असेल तर मशीन सुरू होताना ग्रबच्या 'ॲडव्हान्स्ड' मेनूतून जुना कर्नेल निवडा. त्यावर नीट चाललं तर चोर सापडला.

बघा, इथेही फॉरमॅट कुठेच उपयोगाचा नाही. फॉरमॅट केल्यावर तोच कर्नेल आणि तीच सेटिंग परत येणार.

एक वही ठेवा

मी क्लासमध्ये सगळ्यांना कॅश बुक लिहायला लावतो. आता म्हणतोय, त्याच वहीच्या शेवटच्या पानावर हँगची नोंद ठेवा. तारीख आणि वेळ, तेव्हा काय काय उघडं होतं, बाण हलत होता का, कॅप्स लॉकचा दिवा लागत होता का, डिस्कचा दिवा पेटलेला होता का, आणि कशाने सुटलं. बस, एका ओळीचं काम.

पाच नोंदी झाल्या की वही बोलायला लागते. दर वेळी ब्राउजर उघडा होता? रॅम बघा. दर वेळी भर दुपारी? उष्णता. मशीन नुसतं पडून असताना? झोपेचा किंवा पॉवरचा प्रश्न. रोज थोडं थोडं वाढत चाललंय? डिस्क.

वहीतली वेळ घेऊन लिनक्सची स्वतःची नोंद वाचता येते. 'जर्नलसीटीएल' कमांड मागच्या वेळी मशीन चालू असताना शेवटी काय घडलं ते दाखवते. 'आउट ऑफ मेमरी' दिसलं तर रॅम, 'आय-ओ एरर' दिसलं तर डिस्क किंवा केबल, 'जीपीयू हँग' दिसलं तर ग्राफिक्स. आणि काहीच न लिहिता नोंद मधेच तुटलेली असेल तर हार्डवेअर आणि पॉवरकडे आधी बघा. इतकी सविस्तर नोंद आपोआप मिळते, आणि फॉरमॅट सगळ्यात आधी तीच पुसून टाकतो. पोलीस यायच्या आत चोरी झालेली खोली झाडून काढल्यासारखं आहे हे.

मग पैसे कशाचे द्यायचे?

माझं सांगणं एवढंच आहे. कॉम्प्युटरवाल्याला बोलावताना "फॉरमॅट मारायचाय" म्हणू नका. म्हणा, "दादा, हँग का होतंय ते शोधा. फॉरमॅटला जेवढे घेता तेवढे शोधायचे देतो, पार्ट लागला तर वेगळे." आणि त्याच्याकडून तीन गोष्टी मागा: डिस्कच्या स्मार्ट डेटाचा फोटो, गर्दीच्या वेळचा मेमरीचा फोटो, आणि कारण काय सापडलं ते एका ओळीत लिहून. त्याने तासभर बसून शंभर-दोनशेची केबल बदलली आणि काम झालं, तर त्याचे पूर्ण पैसे द्या. केबल स्वस्त आहे, पण तीच केबल आहे हे कळणं स्वस्त नाही. आपणही गिऱ्हाइकाला नुसता माल देत नाही, कुठला माल घ्यावा हे सांगतो. त्याची किंमत आपल्याला कळते, मग दुसऱ्याच्या अकलेची का कळू नये?

जे स्वतः कॉम्प्युटर दुरुस्ती करतात त्यांनाही सांगतो. 'तपासणी' असा वेगळा दर दुकानात लावा. सुरुवातीला गिऱ्हाईक तोंड वाकडं करेल. पण फॉरमॅट मारून गेलेला माणूस दोन महिन्यांनी रागाने परत येतो, आणि कारण शोधून दिलेला माणूस शेजाऱ्याला घेऊन येतो.

काही जण म्हणतील, एवढा वेळ कोणाला आहे, सरळ नवीन मशीन घेऊ. पैसे असतील तर जरूर घ्या. पण उधारीची कॉपी ठेवायची सवय नसेल आणि धूळ तशीच असेल, तर नवीन मशीनही दोन वर्षांत इथेच येणार.

काही म्हणतील, विंडोजवर परत जातो. त्यातही चूक काही नाही, कारण योग्य असेल तर. टॅलीवर सगळा हिशेब असेल, डिजिटल सहीचा टोकन लिनक्सवर चालत नसेल, किंवा मोठ्या प्रिंटरचा ड्रायव्हरच मिळत नसेल, तर ते एक मशीन विंडोजवर ठेवा आणि बाकीची लिनक्सवर. पण "हँग होतंय" एवढ्याच कारणावरून जाणार असाल तर आधी डिस्क बघा. मरणारी डिस्क विंडोजवरही मरतेच.

आज दुकान बंद करायच्या आधी दोन कामं करा. उधारीची फाइल पेनड्राइव्हवर घ्या, आणि 'डिस्क्स' उघडून त्या तीन ओळींचा मोबाईलवर फोटो काढा. महिन्याने परत काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा. आकडे वाढलेले दिसले, तर फॉरमॅटवाल्याला फोन करायच्या आधी नवीन डिस्क घ्या.

पुढच्या आठवड्यात अर्लीऊम आणि झेडरॅम टाकून त्यातून बिलिंगचा प्रोग्राम कसा वाचवायचा, ते मशीनवर करून दाखवतो. भेटू.